शिरपूरचा रस्ता, साथी आणि बंदी

साथीच्या काळात सरकार माणसांची हालचाल रोखते, आणि ती रोखण्यासाठी सर्वांत आधी रस्त्यावर उभे राहते. शिरपूरचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण हे गावच रस्त्यावरचे. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्याहून उत्तरेला निघतो, सावळद्याजवळ तापी ओलांडतो, अरुणावतीकाठच्या शिरपुराला लागतो आणि पळासनेर मागे टाकून बिजासनच्या घाटाने मध्य प्रदेशात सेंधव्याकडे जातो. शिरपुराला रेल्वे नाही. जवळचे स्थानक म्हणजे तापीच्या दक्षिणेचे नरडाणा. त्यामुळे कापूस, धान्य, फौजा, यात्रेकरू, मजूर, जे काही आले-गेले ते मुख्यतः या रस्त्यानेच, आणि रोगही बहुधा त्यांच्याच सोबतीने. गेल्या दोनशे वर्षांत खानदेशात पटकी, प्लेग, मानमोडी, देवी आणि कोरोना अशा निरनिराळ्या साथी आल्या. त्यांची पसरण्याची रीत अगदी वेगवेगळी होती. बंदोबस्त मात्र बहुतेक वेळा एकाच साच्याचा राहिला: नाका, तपासणी, विलगीकरण, दंड. हा बंदोबस्त कधी कामी आला आणि कधी नुसता जाच ठरला, हे त्याच्या कडकपणावरून कळत नाही. त्या-त्या रोगाची वाट ओळखली गेली होती का, हे पाहावे लागते.

सर्वांत जुनी आठवण पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. १८१७ मध्ये बंगालमधून निघालेली साथ पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये उतरली. पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले, तोच हा काळ. पटकी हगवण-उलटीने एका दिवसात माणूस नेत असे, आणि तिचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. गावकऱ्यांचा बंदोबस्त देवीच्या मार्गाने चाले. मरीआईची पूजा करायची, गाडा सजवायचा आणि वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. शेजारच्या गावाला हा गाडा आपल्या शिवारात नको असे, म्हणून तिकडचे लोक शिवेवर पहारा ठेवत किंवा गाडा आणखी पुढे ढकलत. रोग बाहेरून येतो आणि बाहेर घालवता येतो ही समजूत त्यात पक्की होती. बाहेरून येतो इथपर्यंत ती बरोबरही होती. पण पटकीचा जंतू गाड्यावर बसून जात नाही. तो रोग्याच्या मैल्यातून नदीत, विहिरीत आणि तिथून घशात जातो. लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४ मध्ये पाण्याचा हा धागा दाखवला आणि रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात जंतूच वेगळा काढला. त्यानंतर यात्रांवर बंदी घालणे आणि विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकणे हे उपाय रूढ झाले. यात्राबंदीचा राग सगळ्यांना आला, औषधाच्या लाल पाण्याचाही आला. तरी खरा गुण त्या पाण्यातच होता.

प्लेगाची गोष्ट मोठी आहे, कारण आजचा साथीचा कायदा तिच्यातूनच जन्मला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगाचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. शहर रिकामे होऊ लागले, लोक रेल्वेने आणि रस्त्याने मुलखात पांगले. बाहेरच्या बंदरांत हिंदुस्थानातील मालावर बंदी येण्याची भीती निर्माण झाली, आणि व्यापार बुडू नये या घाईत ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीचे रोग अधिनियम मंजूर झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. पण त्याने सरकारला वाटेल ते नियम करण्याची, रेल्वेचे प्रवासी उतरवून तपासण्याची आणि संशयितांना वेगळे ठेवण्याची मुभा दिली. नियम मोडणाऱ्यास दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा. अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हेही त्यातच.

हा सगळा बंदोबस्त एका समजुतीवर उभा होता: प्लेग माणसाकडून माणसाला, घाणीतून आणि कपड्यालत्त्यांतून लागतो. म्हणून सोजिरांनी घरे उघडली, कपडे जाळले, बायकांची काख-जांघ भर रस्त्यात तपासली, रुग्ण ओढून इस्पितळात आणि घरची माणसे छावणीत नेली. पुण्यात प्लेगबंदोबस्त पाहणाऱ्या वॉल्टर चार्ल्स रँडच्या कारभाराचा शेवट २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंच्या गोळ्यांनी झाला. त्याआधीच, १० मार्चला, रोग्यांची शुश्रूषा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. पुढच्या वर्षी जानेवारीत सिन्नरला आणि मार्चमध्ये मुंबईत प्लेगबंदोबस्ताविरुद्ध दंगली झाल्या. मद्रास इलाख्याने तर प्लेगाच्या मुलखातून आलेल्या प्रवाशाला पासपोर्ट देऊन दहा दिवस रोज हजेरी लावायची पद्धत काढली. हातावर शिक्के मारून चौदा दिवस घरात बसवणाऱ्या २०२० च्या कारभाराची ही आजी म्हणता येईल.

एवढे करूनही प्लेग थांबला नाही, कारण तो मुळात माणसाचा रोग नव्हता. पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये कराचीत उंदरावरची पिसू हा प्लेगाचा वाहक असल्याचे प्रयोगाने दाखवले. त्याची टिंगल झाली. १९०५ नंतर मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने तेच पुराव्यानिशी सिद्ध केले तेव्हा कुठे सरकारदरबारी ते मान्य झाले. उंदीर मरतो, त्याच्या अंगावरची उपाशी पिसू दुसरे रक्त शोधते, आणि ते रक्त त्याच घरात झोपलेल्या माणसाचे असते. उंदीर प्रवास करतो तो धान्याच्या पोत्यांतून आणि कापसाच्या गठ्ठ्यांतून. खानदेशातून तेव्हा मुख्यतः याच मालांची वाहतूक होती. चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेहून अमळनेरपर्यंतचा तापी व्हॅली मार्ग नेमके याच सुमारास, १९०० च्या आसपास, सुरू झाले. स्थानकावर प्रवाशाचा ताप पाहिला जात होता आणि मालडब्यातली पोती बिनतपासणी जात होती.

गावकऱ्यांनी मात्र वाट आधीच हेरली होती. घरात उंदीर पडला की गाव सोडायचे आणि शेतात, खळ्यावर झोपडी घालून राहायचे, ही रीत खानदेशभर पाळली गेली. शास्त्र कळण्याआधीचे हे शहाणपण अगदी बिनचूक होते. उंदीर आणि पिसू घरात राहत आणि माणसे उघड्यावर. पुढे सरकारने सक्तीची झडती सैल करून गाव हलवण्यावर आणि लशीवर भर दिला, तो लोकांचाच उपाय एका अर्थी मान्य करून. त्या काळाची खूण खानदेशच्या वाङ्मयातही आहे. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या एका मुलाला प्लेगाने कायमचे अपंगत्व आले. ‘पिलोक’ या नावाचे त्यांचे काव्य गाव ओस पडून माणसे शेतांत विखुरल्याच्या दिवसांचे आहे.

लशीचा इतिहासही इथेच सुरू होतो. वाल्डेमार हाफकिनने मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. लोक भ्याले. लशीने माणसे मरतात, नपुंसक होतात, धर्म बुडतो, अशा वावड्या उठल्या. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका दूषित कुपीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली तेव्हा त्या भीतीला पुरावाच मिळाला. दोष लशीचा नसून कुपी उघडताना झालेल्या हलगर्जीचा होता हे सिद्ध व्हायला वर्षे लागली, आणि तोवर हाफकिनची नोकरी गेली होती. परळची त्याची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

प्लेग आणि पटकी हे जिवाणूंचे रोग. १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा, विषाणूची. हा फरक महत्त्वाचा आहे. जिवाणू स्वतः खातो, वाढतो, पाण्यात किंवा पिसवेच्या पोटात तग धरतो. विषाणूला स्वतःचे असे जगणे नाही. तो जिवंत पेशीत शिरतो, तिच्याकडून आपल्या प्रती काढून घेतो आणि बाहेर पडून पुढची पेशी गाठतो. श्वासमार्गाच्या विषाणूला वाहन लागते ते श्वासाचेच: खोकला, शिंक, बोलणे, गाणे. नाक्यावर पोते उघडून तो सापडत नाही, आणि तापाची तपासणी होते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

इन्फ्लुएंझाची पहिली लाट जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरली आणि सौम्यपणे गेली. दुसरी सप्टेंबरात आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. युद्धावरून परतणारे शिपाई, रेल्वे आणि रस्ते यांच्याबरोबर ती काही आठवड्यांत आतल्या जिल्ह्यांत पोचली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे मेली. हिंदुस्थानचा अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत सांगितला जातो. ही साथ विशेषतः वीस ते चाळीस वयाच्या धडधाकटांना उचलत होती. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, उरलेसुरले खरीप उभे होते आणि ते कापणारे हात अंथरुणावर होते. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ मध्ये २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख भरली. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे हे एकच दशक.

एवढ्या मोठ्या साथीत प्लेगासारखी झडती, छावण्या, नाके काही झाले नाही. एक तर रँड प्रकरणाची आठवण ताजी होती. दुसरे, सरकार युद्धात गुंतले होते. आणि खरे कारण असे की वेळच नव्हता: लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत माणूस आजारी पडे, आणि नाका उभारायचा तर नाक्यावरचा शिपाईच तापाने फणफणलेला. शाळा बंद झाल्या, उघड्या हवेत झोपा असा सल्ला मिळाला, स्वयंसेवकांनी औषधे आणि पेज वाटली. उघड्या हवेचा सल्ला सोन्यासारखा होता, पण तो का बरोबर आहे हे देणाऱ्यांनाही नीट माहीत नव्हते. डॉक्टर तेव्हा एका जिवाणूला दोष देत होते. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला १९३३ मध्ये.

देवीचा रोगही विषाणूचाच, आणि निर्बंधांनी खरा विजय मिळवला तो याच रोगावर. मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला पहिली लस टोचली गेली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे खेडोपाडी देवी काढणारे फिरत राहिले. सगळ्या जनतेला टोचूनही रोग हटेना तेव्हा १९७० च्या दशकात पद्धत बदलली. रुग्ण शोधायचा, त्याच्या घरावर रात्रंदिवस पहारा बसवायचा, त्याच्या संपर्कातल्या आणि आजूबाजूच्या सगळ्यांना लगेच टोचायचे. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस, जे शेवटी हजार रुपयांवर गेले. मे १९७५ मध्ये देशातला अखेरचा रुग्ण नोंदला गेला. इथे बंदी गावावर नव्हती, एका घरावर होती, आणि ती कोणत्याही शास्त्रीय शंकेविना लावता येत होती, कारण देवीचा रुग्ण फोड येण्याआधी सहसा रोग पसरवत नाही आणि फोड लपत नाहीत. कोरोनाच्या वेळी नेमकी हीच सोय नव्हती.

त्याआधी खानदेशाला एक धक्का सुरतेहून बसला. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगाची बातमी फुटली. काही आठवड्यांपूर्वी बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग सापडलेलाच होता. सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशी कामगारांची वस्ती दाट आहे. यंत्रमाग आणि कापडाच्या कारखान्यांत धुळे-जळगावकडची हजारो घरे राबतात. लाखो लोकांनी शहर सोडले, आणि सुरत-भुसावळ गाड्या माणसांनी ओसंडून खानदेशात आल्या. बळी पन्नासच्या आसपास होते, धास्ती मात्र त्याच्या कैक पटींनी. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून गायब झाल्या. पळालेल्यांपैकी फार थोडे आजारी निघाले म्हणून पुढचा अनर्थ टळला. पण साथीची बातमी येताच परगावचा मजूर गावाकडे धावतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता. २०२० मध्ये तो कोणाला आठवला नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूसाठी शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद झाली, पण ती झळ खानदेशाला फारशी लागली नाही.

कोरोनाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळला. चारच दिवसांत राज्याने १८९७ चा कायदा लागू केला. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २३ ला राज्यभर संचारबंदी आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद, २५ पासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी. ती नंतर तीनदा वाढून ३१ मेपर्यंत गेली. बंदी आली तेव्हा धुळे जिल्ह्यात एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. पहिले निदान एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातले. तेव्हा चौकाचौकात प्रश्न होता: रोगच नाही तर दुकान बंद कशाला?

याचे उत्तर विषाणूच्या वेळापत्रकात आहे. सार्स-कोव्ह-२ शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा दिवस जातात, क्वचित चौदा. विलगीकरणाचे चौदा दिवस तिथूनच आले. आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस रोग पसरवू लागतो, काहींना तर लक्षणे येतच नाहीत. सुरुवातीचा विषाणू एका माणसाकडून सरासरी दोन-तीन जणांना जाई. पाच-सहा दिवसांना तिप्पट या वेगाने एकाचे महिन्याभरात कित्येक शे होतात. म्हणून नोंदलेला पहिला रुग्ण हा खरा पहिला रुग्ण कधीच नसतो. आधी बंद करणे हे शास्त्राला धरून होते. चूक झाली ती बंदी चार तासांच्या सूचनेवर आणि मजुरांचा विचार न करता लावण्यात.

ती चूक शिरपूरच्या रस्त्यावर स्पष्ट दिसली. एप्रिल-मे महिन्यांत मुंबई, ठाणे, पुण्याकडचे मजूर उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशाकडे मुंबई-आग्रा रस्त्याने निघाले: पायी, सायकलवर, रिक्षांत, ट्रकच्या ताडपत्रीखाली. याच रस्त्यावरचे मालेगाव तेव्हा राज्यातल्या मोठ्या संसर्गस्थळांपैकी एक होते. महामार्गाकडेच्या गावांनी पाणी, भाकरी, चपला दिल्या. खानदेशच्या उन्हात अनवाणी माणूस दारातून जात असताना नियम आठवत नाही. मेमध्ये राज्य परिवहनच्या गाड्या मजुरांना फुकट राज्याच्या सीमेपर्यंत सोडू लागल्या, आणि बिजासन घाटापलीकडे गर्दी साचली. १४ मेच्या सुमारास सेंधव्याजवळ अन्न आणि वाहने मिळेनात म्हणून संतापलेल्या जमावाने दगडफेक केली. ज्या नाक्याने गर्दी टाळायची, तिथेच दाट गर्दी जमली होती. १८९७ च्या रेल्वे तपासणीहून हा प्रकार फार वेगळा नव्हता. वर्षभराने, मार्च २०२१ मध्ये, मध्य प्रदेशाने महाराष्ट्राबरोबरची बससेवा बंद केली तेव्हाही ट्रक चालू होते, आणि ट्रकबरोबर चालक-क्लीनर.

घराघरांत मात्र दुसरेच प्रश्न होते. दुधाची पिशवी धुवायची का? नोट उन्हात ठेवायची का? भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवायची का? सुरुवातीला सरकारी सूचनांचा भर हात आणि पृष्ठभागांवर होता. साबणाचा सल्ला पक्का होता. या विषाणूवर मेदाचे पातळ आवरण असते, साबणाने ते फुटते आणि आवरण फुटले की विषाणू निकामी होतो. पण वस्तूंवरून लागण क्वचितच होते हे पुढे दिसून आले. मुख्य वाट हवेची निघाली. मोठे तुषार मीटर-दोन मीटरवर खाली पडतात. सहा फुटांचा नियम त्यांच्यासाठी, आणि तो तुषारांच्या जुन्या अभ्यासांवर बेतलेला. बारीक कण मात्र बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात आणि सहा फुटांची पर्वा करत नाहीत. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनमंडळाच्या सरावात ६१ जण जमले आणि त्यांतले पन्नासांवर आजारी पडले. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या, असे जाहीर आवाहन केले. जागतिक आरोग्य संघटनेने ते सावकाश, २०२१ मध्ये स्पष्ट शब्दांत मान्य केले. दरम्यान गावोगावी निर्जंतुकीकरणाचे बोगदे लागले, रस्त्यांवर फवारे उडाले. माणसांवर रसायन फवारू नका, त्याचा उपयोग नाही आणि अपाय आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिल २०२० रोजी सांगावे लागले. फवारणी डोळ्यांना दिसते, खिडकी उघडी ठेवण्याचे श्रेय कोणाला मिळत नाही. बोगदे टिकले याचे कारण बहुधा एवढेच.

उन्हाचा दिलासाही खानदेशात फार चालला. पारा ४४-४५ वर गेला की विषाणू जगणार नाही, असे जाणतेही सांगत. पण उन्हाने तापते अंगण, आणि विषाणू जातो कूलर लावलेल्या, दारे-खिडक्या लोटलेल्या खोलीत एकाकडून दुसऱ्याला. पहिल्या लाटेत जळगावचा मृत्युदर देशात चर्चेचा विषय झाला तो मे-जून २०२० मध्ये, आणि दुसरी लाट शिगेला पोचली ती एप्रिल २०२१ मध्ये. दोन्ही वेळा ऐन उन्हाळा.

बंदीची खरी झळ सणांना आणि लग्नांना लागली. २०२० ची चैत्री पौर्णिमा टाळेबंदीत गेली आणि खानदेशातून सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांच्या वाटा रिकाम्या राहिल्या. २६ एप्रिलला आखाजी होती. लेकी माहेरी येण्याचा हा सण, झोके आणि गाण्यांचा. त्या वर्षी सासर-माहेर वेगळ्या तालुक्यांत असलेल्या लेकींना फोनवरच भागवावे लागले. २०२१ ची आखाजी १४ मेला आली ती दुसऱ्या लाटेतल्या ‘ब्रेक द चेन’ नावाच्या बंदीत, जिल्हा ओलांडायला ई-पास लागत असताना.

या दुसऱ्या बंदीत सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न टिंगलीच्या सुरातला होता. किराणा दुकाने सकाळी ७ ते ११ उघडी, मग विषाणू ११ नंतर जागा होतो का? प्रश्न दिसतो तितका खुळा नाही. वेळ कमी केल्याने एकूण फिरणे घटते, हा नियमामागचा हिशेब. पण दिवसभर विखुरलेली गिऱ्हाइके चार तासांत कोंबली गेली तर बाजारपेठेतल्या दुकानात दाटी वाढते, आणि हवेतून पसरणाऱ्या रोगाला दाटीच हवी असते. शिरपूरसारख्या, आजूबाजूच्या खेड्यांची खरेदी ओढणाऱ्या गावाला हा नियम मुंबईपेक्षा अधिक गैरसोयीचा होता. मोकळ्या मैदानात पसरलेला, दिवसभर चालणारा आठवडे बाजार त्या चार तासांच्या रांगेपेक्षा सुरक्षित ठरला असता. रात्रीच्या संचारबंदीचेही तसेच: गावातली रात्र आधीच शांत. तिचा उपयोग झाला असेल तर जेवणावळी आणि बैठकी मोडण्यापुरता.

याउलट ज्या नियमावर लोक सर्वांत जास्त चिडले तो लग्नाचा, आणि तोच सर्वांत नेमका होता. २०२० मध्ये ५० माणसे. २२ एप्रिल २०२१ पासून २५ माणसे, दोन तासांत कार्य, मोडल्यास ५० हजार रुपये दंड. खानदेशातले लग्न म्हणजे हळदीपासून वरातीपर्यंत दोन-तीन दिवसांचा मेळा. चार तालुक्यांतले भाऊबंद एका मांडवात जेवतात, एका घरात दाटीने झोपतात आणि पाचव्या दिवशी लक्षणे दिसायच्या आत आपापल्या गावी पोचलेले असतात. नाक्यावरच्या अनोळखी ट्रकचालकापेक्षा शेजारी बसलेला मामेभाऊ अधिक धोक्याचा असतो, हे पचणे अवघड. पण श्वासाच्या रोगाचे गणित ओळखी-अनोळखीचे नसते, किती वेळ आणि किती हवा एवढ्यावर ते चालते.

दुसरी लाट डेल्टाची. हा प्रकार पहिल्यापेक्षा दुपटीच्या आसपास वेगाने पसरत होता आणि त्याचे पूर्वज महाराष्ट्रातल्या नमुन्यांत आधीच दिसले होते. मार्च २०२१ च्या मध्यावर जळगावात जनता कर्फ्यू लागला. एप्रिलमध्ये खाटा आणि ऑक्सिजनसाठी धावाधाव सुरू झाली. शेजारच्या नंदुरबारने आदल्या वर्षापासूनच हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प बसवायला घेतले होते. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या त्या तयारीची देशभर नोंद झाली. बंदीने साथ थांबत नाही, तिचा वेग मंदावतो. मिळालेल्या वेळात काय उभारले, यावर बंदीचे मोल ठरते. त्या कसोटीवर बहुतेक जिल्ह्यांनी २०२० चे हिवाळ्याचे महिने वाया घालवले, असेच म्हणावे लागेल.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. १ मार्चपासून साठीच्या वरचे आणि पंचेचाळिशीपुढचे व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढचे सगळे, १ मेपासून अठरा वर्षांवरचे सगळे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशिल्ड हीच मुख्यतः वापरात आली. दुसऱ्या लशीसाठी, कोव्हॅक्सिनसाठी, विषाणू वेगळा काढला तो पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आणि भिल्ल पाड्यांवर लस घेतल्यावर माणूस मरतो ही वावडी पसरली. हाफकिनच्या काळातली नपुंसकत्वाची भीतीही तिच्या जोडीला आली. आरोग्यसेविका, आशा आणि शिक्षक पाड्यांवर जाऊन पावरीत, भिलोरीत समजावू लागले तशी ती ओसरत गेली. लस घेऊनही लागण होते, मग ती कशाला, या प्रश्नाला उत्तर साधे आहे: लशीने बनलेली प्रतिकारशक्ती नाकाच्या दारात विषाणूला नेहमी अडवत नाही, पण तो फुफ्फुसापर्यंत पोचण्याआधी त्याला बहुतेकदा गाठते. २०२२ च्या जानेवारीतली ओमायक्रॉनची लाट लागणींनी मोठी आणि मृत्यूंनी लहान राहिली, त्यात लशीचा आणि आधी होऊन गेलेल्या लागणींचा वाटा मोठा होता.

महाराष्ट्रातले सर्व निर्बंध १ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, उठले. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. १८९७ चा कायदा मात्र अजून लागू आहे. २०२० मध्ये त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची भर पडली, पण धोकादायक साथीचा रोग कशाला म्हणायचे याची व्याख्या त्यात तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. हा कायदा अपुरा असून त्यात सर्वांगीण दुरुस्ती करावी किंवा नवा कायदा आणावा, अशी शिफारस विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८६ व्या अहवालात केली आहे.